लेकरू लिनक्समध्ये रमतं, शाळेत रमत नाही: एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

भाऊ, तुम्ही एका प्रश्नात चार प्रश्न विचारले आहेत, म्हणून उत्तर लांबणार. आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. मुलगा १२ वर्षांचा, यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत. नागपूरला तपासणी होऊन ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालं. बोलतो कमी, घोळक्यात थांबत नाही, पण मामाच्या जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ पाहून त्याने स्वतःच लिनक्स बसवलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. न्यूरोडायव्हर्सिटी, म्हणजे मेंदूंचं वेगवेगळेपण, ही खरी गोष्ट आहे की शहरातल्या लोकांनी मनाची समजूत घालायला काढलेली, असं तुम्ही विचारता. 'अशी मुलं कॉम्प्युटरमध्ये लय पुढे जातात' असं सगळे म्हणतात, तर त्याला ओपन सोर्सच्या, म्हणजे कोणालाही उघडून बदलता येणाऱ्या प्रोग्रामच्या, कामात घालावं का? दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि भत्ता पुढाऱ्यांच्या हातात असल्यासारखं दिसतं, मग कोणाच्या मागे जावं? आणि साळ्याने ट्रम्प यांचा व्हिडिओ पाठवला आहे, त्यात तापाच्या गोळीने ऑटिझम होतो म्हणतात. वहिनींनी गरोदरपणी ती गोळी घेतली होती, तेव्हापासून त्या नीट जेवत नाहीत.

आधी वहिनींचं बोलू. घरातली आई स्वतःला दोषी धरून बसली तर पुढचं काहीच धड होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी पत्रकार परिषद घेऊन गरोदर बायांना टायलेनॉल टाळायला सांगितलं. टायलेनॉल म्हणजे पॅरासिटामॉल, आपल्या आशाताई देतात तीच. लगेच जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की असा संबंध दाखवणारा सुसंगत पुरावा नाही. त्याआधी २०२४ मध्ये स्वीडनमधल्या जवळपास २५ लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात एकाच आईची मुलं एकमेकांशी ताडून पाहिली, एकाच्या वेळी गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी न घेतलेली, तेव्हा फरक उरला नाही. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि त्यात कोणा एकाचा दोष काढता येत नाही. उलट गरोदरपणी ताप अंगावर काढणं हे बाळाला धोक्याचं. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्यात असा व्हिडिओ फोनाफोनी फिरतो, याची मला मनापासून धास्ती वाटते. वहिनींनी काही चुकीचं केलेलं नाही. एवढा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

आईवर ठपका ठेवण्याची ही पहिली वेळ नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेतले नावाजलेले लोक सांगत होते की आई मायाळू नसली की मूल असं होतं. १९९८ मध्ये लंडनच्या एका डॉक्टरने गोवराच्या लशीकडे बोट दाखवलं. ज्या वैद्यकीय नियतकालिकात तो लेख आला होता त्याने तो २०१० मध्ये मागे घेतला, डॉक्टरचा परवानाही गेला, पण लशीची भीती अजून मेळघाटापर्यंत पोचलेली दिसते. हाच धागा पुढे उपचारांच्या बाजारात जातो. कोणी 'स्टेम सेल'ने (मूळ पेशी टोचून) ऑटिझम बरा करतो म्हणालं तर वावर गहाण टाकू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी त्या उपचाराची शिफारस करता येत नाही असं म्हटलं आहे. दर्ग्यात, देवळात जाऊन मनाला शांती मिळत असेल तर जरूर जा. मात्र लेकराला कोणी बांधू, मारू किंवा डागू लागलं तर तिथून उठून या. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याला शिक्षा आहे.

आता न्यूरोडायव्हर्सिटी. माझ्या मते ही खरी आणि कामाची कल्पना आहे. माणसांचे मेंदू एका साच्यातले नसतात. लक्ष देण्याची, ऐकण्याची, वाचण्याची, माणसांत मिसळण्याची रीत जन्मतः वेगवेगळी असू शकते आणि त्यातली एकच 'बरोबर' धरून बाकीच्यांना बिघडलेलं म्हणण्याला आधार नाही. हा शब्द १९९८ मध्ये छापून आला. त्या वेळी ऑस्ट्रेलियातल्या ज्युडी सिंगर आपल्या प्रबंधात तो वापरत होत्या आणि अमेरिकेत हार्वी ब्लूम या पत्रकाराने तो लिहिला. पण कल्पना त्याआधीच्या काही वर्षांत ई-मेलच्या गटांमध्ये घडली होती. ऑटिझम असलेली माणसं तिथे एकमेकांना सापडली. समोरासमोर बोलताना जी अडखळत, ती लिहून मोकळेपणाने बोलू लागली आणि आपल्याबद्दल डॉक्टर आणि आईबापच का बोलतात, आम्हाला कोणी विचारत का नाही, असा प्रश्न त्यांनी मांडला. तुमच्या मुलाच्या बाबतीत हा इतिहास कामाचा का, ते पुढे येईल.

या कल्पनेचा गैरवापर दोन्हीकडून होतो. काही जण म्हणतात, मूल वेगळं आहे, आजारी नाही, मग डॉक्टर कशाला आणि प्रमाणपत्र कशाला. हे मला अजिबात मान्य नाही. ज्या लेकराला रात्र रात्र झोप येत नाही, जे स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतं, ज्याला झटके येतात, त्याला उपचार हवेत. ऑटिझमसोबत फिट येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं, हे तुम्हीही ध्यानात ठेवा. दुसरीकडचे लोक म्हणतात, ही सगळी लाडावण्याची सोंगं आहेत, दोन थपडा दिल्या की सुतासारखं सरळ येतं. थपडांनी लेकरू सरळ होत नाही, गप्प होतं. गप्प झालेलं पोरगं शाळेला सोयीचं वाटतं म्हणून तिथे कोणी तक्रार करत नाही.

आणि आता 'अशी मुलं कॉम्प्युटरमध्ये पुढे जातात' याबद्दल. मी ज्या मुलांसोबत काम करते त्यांतल्या बऱ्याच जणांना कॉम्प्युटरचं काही पडलेलं नाही. एक पोरगा गावातली प्रत्येक बकरी चालीवरून ओळखतो, कोणती कोणाची, कोणाच्या पोटची, सगळं. एक मुलगी फक्त पाण्याच्या धारेशी रमते, बोलत नाही, कपडे घालायलाही तिला मदत लागते. न्यूरोडायव्हर्सिटी या दोघांचीही आहे. आपल्या गावांनी अशी काही माणसं पूर्वीपासून सांभाळली: गुरं राखणारा, मोटार दुरुस्त करणारा, सगळ्या गावाच्या जन्मतारखा तोंडपाठ असणारा. पण ज्याचा कोणाला उपयोग नव्हता त्याला गोठ्यात बांधून ठेवलेलंही मी पाहिलं आहे. म्हणून लेकराची किंमत त्याच्या करामतीवरून ठरवायची, हे मला भयंकर वाटतं. उद्या तुमच्या मुलाचा लिनक्सवरचा जीव उडाला तर? तेव्हाही तो तेवढाच तुमचा, आणि शाळेवर त्याचा तेवढाच हक्क.

एवढं सांगून झाल्यावर मोकळ्या मनाने म्हणते, त्याने जे केलं ते मोठं आहे. पेनड्राइव्हवर फाइल चढवायची, मशीन सुरू होताना बायोसमध्ये (सुरुवातीच्या सेटिंगमध्ये) जाऊन क्रम बदलायचा, डिस्कचे भाग पाडायचे. यात एक पायरी चुकली की स्क्रीन काळी. मोठी माणसं तिथे हात टेकतात. त्याला ते जमलं याचं कारण मला असं दिसतं की मशीन चुकल्यावर काय चुकलं ते लिहून सांगतं. रागावत नाही, आवाज चढवत नाही, आज एक आणि उद्या दुसरं म्हणत नाही. शाळेत नेमकं उलटं घडतं. 'नीट बस' म्हणजे कसं बसायचं हे कोणी सांगत नाही, आणि चुकल्यावर फक्त डोळे वटारले जातात, जे त्याला वाचता येत नाहीत.

ओपन सोर्सचं जगही बरंचसं असंच चालतं, निदान चांगल्या दिवशी. प्रोग्रामचा मजकूर सगळ्यांसाठी उघडा. काम कसं करायचं याचे नियम एका फाइलमध्ये लिहिलेले. चर्चा लिहून होते, उत्तर द्यायला दोन दिवस घेतले तरी चालतात, कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. कोणी कोणती ओळ कधी बदलली याची नोंद कायम राहते. ई-मेलच्या गटांत ऑटिझम असलेल्या माणसांना जी मोकळीक मिळाली होती, तीच इथे आहे. आणि साधन आपल्याला सोयीचं नसेल तर ते बदलायची मुभा आहे. अंध माणसांना कॉम्प्युटरवरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा प्रोग्राम २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केला. पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. बाजारातले वाचक प्रोग्राम फार महाग होते, म्हणून त्यांनी स्वतःला हवा तसा लिहिला आणि जगाला फुकट दिला. त्यातला ईस्पीक हा आवाज मराठीही वाचतो. आवाज यांत्रिक आहे, मोठ्यांना आवडत नाही, पण माझ्याकडच्या काही मुलांना माणसाच्या आवाजापेक्षा तोच बरा वाटतो, कारण तो दर वेळी सारखाच असतो. तुमच्या मुलाच्या लिनक्सवरही ईस्पीक बसवता येतो. धडा कानांनी ऐकून बघू द्या.

मात्र हे जग म्हणजे स्वर्ग नाही, आणि तुम्ही त्याला डोळे मिटून तिथे सोडू नये. लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये लिहिणारे लिनस टोरवाल्ड्स कित्येक वर्षं इतरांच्या कामावर अत्यंत बोचऱ्या शब्दांत तुटून पडत. २०१८ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली, काही काळ बाजूला झाले आणि त्या प्रकल्पाने वागणुकीची संहिता स्वीकारली. तेव्हा काही जण म्हणाले की अशा नियमांमुळे सरळ बोलणाऱ्या, ऑटिझम असलेल्या माणसांची अडचण होईल. माझं मत उलटं आहे. काय चालेल आणि काय नाही हे लिहून ठेवलं की सगळ्यांत जास्त सोय अंदाज न बांधता येणाऱ्या माणसाची होते. आणि सरळ बोलणं वेगळं, अपमान वेगळा. हा फरक माझ्याकडची मुलं शिकतात, मोठी माणसंही शिकू शकतात.

दुसरी काळजी फुकटच्या कष्टांची. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या लहानशा प्रोग्राममध्ये कोणी तरी चोरवाट घुसवल्याचं उघड झालं. जगभरातले सर्व्हर त्याने धोक्यात आले असते. तो प्रोग्राम वर्षानुवर्षं एक माणूस रिकाम्या वेळात, मोबदल्याशिवाय सांभाळत होता. आपली मानसिक तब्येत बरी नसते असं त्याने जाहीर लिहिलं होतं, तरी अनोळखी खात्यांवरून 'लवकर कर, नाहीतर दुसऱ्याला दे' असा दबाव येत राहिला आणि मदतीच्या नावाखाली आलेल्याने घात केला. चोरी पकडली अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. त्याला सर्व्हरमध्ये शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि त्याने ते सोडून दिलं नाही. अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवणारी नजर ही मोठी देणगी आहे. पण जो एकटा राबत होता त्याच्या बाजूला कोणी नव्हतं, हेही त्याच गोष्टीत आहे. एखाद्या कामात बुडून जाणाऱ्या मुलाकडून लोक फुकट काम करून घेतात. तुमचा मुलगा मोठा होईल तेव्हा मोबदला मागायला आणि नाही म्हणायला त्याला आत्तापासून शिकवा.

आता नेमकं काय करायचं ते. त्याचा लॅपटॉप जुना आहे म्हणता, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती हलकी पडेल. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे सुरक्षा बदल देणं थांबवलं. त्यामुळे शाळाशाळांतून धूळ खात पडलेल्या संगणकांचा प्रश्न येणारच आहे. मुख्याध्यापक तयार असतील तर त्यातल्या एका मशीनवर तुमच्या मुलाला लिनक्स बसवू द्या, शिक्षकांच्या देखत. वर्गात त्याची ओळख बदलायला याचा उपयोग होईल. प्रोग्रामिंगची सुरुवात स्क्रॅचने करा, त्यात चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्राम करतात, ते इंटरनेटशिवायही चालतं. मग पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. ओपन सोर्सचं काम जिथे ठेवतात त्या गिटहब या संकेतस्थळावर १३ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय खातं काढता येत नाही, तो नियम पाळा, वय खोटं लिहायला शिकवू नका. नंतरही वर्षभर त्याच्या बाजूला बसून वाचत जा, तुम्हाला इंग्रजी अर्धवट कळलं तरी. लिब्रेऑफिससारख्या लिहिण्या-हिशेबाच्या प्रोग्रामचं मराठी भाषांतर लोकच करतात, तिथेही त्याला पुढे जागा आहे.

सगळ्यांत मोलाची गोष्ट मला वेगळीच वाटते. ओपन सोर्समध्ये दोष कळवण्याची एक रीत आहे: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. तीन वाक्यं. ही रीत मी मुलांना भांडणं, दुखणी, भीती सांगायला शिकवते आणि तिचा फार उपयोग होतो. बोलायला अडखळणाऱ्या मुलाला 'काय झालं सांग' म्हटलं की तो कुठून सुरुवात करावी या विचारातच अडकतो. तीन रिकाम्या ओळी समोर ठेवल्या की लिहितो. 'मी डबा उघडला. मला पोळी-भाजी खायची होती. अमक्याने डबा ओढला.' शिक्षकाला हे कळतं, आणि मुलाला कळतं की आपलं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवता येतं. पोटदुखी, दातदुखी अशीच कळते. तुमच्या मुलाला ही रीत लिनक्समुळे बहुधा ओळखीची असेलच. घरात, शाळेत एक वही त्यासाठी ठेवा आणि तुम्हीही त्याच्याशी त्यात लिहून बोला. तोंडानेच बोल असा हट्ट धरू नका. टाइप करून, चित्रांवर बोट ठेवून बोलल्याने मुलांचं बोलणं थांबतं, ही भीती निराधार आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांचं अॅप मराठीत मिळतं, अॅस्टेरिक्स ग्रिड हे ओपन सोर्स आहे, त्यात तुमच्या घरातले फोटो आणि वऱ्हाडी शब्द घालता येतात. फक्त एक काळजी घ्या: दुसऱ्याने हात धरून टाइप करवून घेण्याच्या पद्धतीला फसू नका. त्यात मूल बोलत नाही, हात धरणारा बोलतो.

झोपेआधी एक तास स्क्रीन बंद. यावर चर्चा नको.

शाळेबद्दल. 'दुसरीकडे न्या' असं म्हणायचा शाळेला हक्क नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितातली अडचण) धरून २१ प्रकार आहेत. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा स्वतः निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षण हा कायदेशीर हक्क आहे. ऑटिझमसाठी ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात, त्यावर टक्केवारी ठरते. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढून घ्या, त्याला कोणा पुढाऱ्याची चिठ्ठी लागत नाही. परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरज पडल्यास लेखनिक, हे आत्तापासून शाळेच्या कागदावर आणा, दहावीला धावपळ नको. आणि आपल्याकडची एक खास गोष्ट. मार्चमध्ये ऊन वाढलं की शाळा एकाएकी सकाळची होते. मोठ्यांना ते किरकोळ वाटतं, पण या मुलांचा सगळा दिवस त्यात कोलमडतो आणि मग 'उन्हाळ्यात हा बिघडतो' असं म्हटलं जातं. आठ दिवस आधी तारीख भिंतीवर लिहून दाखवा, रोज थोडं थोडं लवकर उठवत जा. पोळ्याच्या, गणपतीच्या डीजेसाठी कान झाकणारे हेडफोन घ्या, कामगार वापरतात ते स्वस्तातले चालतात.

राजकारणाबद्दल माझी मतं तुम्ही मागितली आहेत, तर स्पष्ट सांगते. दिव्यांगांचा प्रश्न विदर्भात रस्त्यावर आणण्याचं श्रेय बच्चू कडू यांना आहे, ते मी देते. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला त्यांनी उपोषण केलं, त्यात कर्जमाफीसोबत दिव्यांगांना महिना ६,००० रुपयांची मागणी होती. नंतर सरकारने संजय गांधी निराधार योजनेतल्या दिव्यांगांचं मानधन १,५०० वरून २,५०० केलं. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही झाला. ही पावलं खरी आहेत. पण भत्त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत लागतं, म्हणजे मजुरी करणारं जोडपंही प्रामाणिक आकडा लिहिलं तर बाहेर. आणि भत्ता वाढला तरी तालुक्यात बोलायला शिकवणारा माणूस नसेल तर लेकराच्या हातात काय पडतं? पुढाऱ्यांना भत्ता आवडतो, कारण त्याचा फोटो निघतो. विशेष शिक्षकाच्या पदाचा फोटो निघत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला दर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे आणि त्यापुढे दर १५ मागे एक विशेष शिक्षक हवा, आणि २०२५ च्या मार्चमध्ये राज्यांना पदं निश्चित करून भरायचे आदेश दिले. विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर राबले, एकेकाच्या वाट्याला गावंच्या गावं, पावसाळ्यात नाला आला की भेट बुडाली. मत मागायला येणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतो: तुमच्या कार्यकाळात या तालुक्यात किती विशेष शिक्षक, किती वाचा-उपचार तज्ज्ञ आले? पक्ष कोणताही असो. २१ प्रकारांच्या यादीत एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) नाही, त्यामुळे कितीतरी चंचल, हुशार पोरं कुठल्याच सवलतीत बसत नाहीत. ते बदलायला संसदेत बोलणारा खासदार मला हवा.

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून केवढं रान पेटलं, तुम्हाला आठवतच असेल. एप्रिलमध्ये हिंदीचा निर्णय आला, जूनच्या अखेरीस मागे घेतला. अस्मितेवर सगळे बोलले. पण जे लेकरू घरी वऱ्हाडी, गोंडी किंवा कोलामी बोलतं, ज्याला जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ सुटत नाहीत, त्याच्या डोक्यावर सहाव्या वर्षी तिसरी भाषा ठेवायची का, हा प्रश्न मी सभांमध्ये जवळजवळ ऐकलाच नाही. वाचन अक्षमता असलेल्या मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्यावी लागते, हे शिक्षण खात्याला चांगलं ठाऊक आहे. अशा निर्णयाआधी या मुलांच्या पालकांना बोलवायला हवं होतं.

शाळांतल्या सॉफ्टवेअरचाही राजकारणाशी संबंध आहे. केंद्राने २०१५ मध्ये सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं धोरण काढलं. केरळने त्याच्या किती तरी आधी, २००१ मध्ये सुरू केलेल्या आयटी अॅट स्कूल या उपक्रमातून सरकारी शाळा लिनक्सवर नेल्या. तिथे आघाड्या आलटून पालटून सत्तेवर आल्या, पण हे काम कोणी मोडलं नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, पुस्तकं त्यानुसार लिहिली, मल्याळम आधी. आपल्याकडे संगणक आला की त्याची निविदा निघते आणि दुरुस्तीची वेळ आली की खोलीला कुलूप लागतं. लिनक्स बसवता येणारी आपल्या गावातली दोन-चार पोरं तालुक्याच्या शाळा चालत्या ठेवू शकतील, त्यांना रीतसर मानधन द्यावं, हे मी गटशिक्षणाधिकाऱ्यांना सांगत आले आहे आणि सांगत राहीन.

यवतमाळ, अमरावती, वर्धा, बुलडाणा इथल्या जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. म्हणजे तेव्हा दार ठोठवायला सदस्य उरला नाही. ग्रामपंचायत मात्र आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा शासनाचा नियम आहे. आपल्याकडच्या लहान गावात ती रक्कम मोठी नसते आणि बऱ्याच ठिकाणी ती वर्षाखेरीस घाईघाईने किरकोळ वाटपात संपते. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी किंवा १ मे, जी ग्रामसभा जवळ असेल तिच्याआधी एक पानी अर्ज द्या. त्यात ओळखपत्राचा क्रमांक लिहा, मुलाला लागणाऱ्या वस्तू (हेडफोन, लॅपटॉपची नवी बॅटरी, वीज गेल्यावर तासभर चालेल असा इन्व्हर्टर) आणि मागच्या दोन वर्षांत त्या ५ टक्क्यांचा खर्च कशावर झाला याची माहिती मागा. गावात आणखी दिव्यांग घरं असतील, त्यांच्याही सह्या घ्या. अर्ज मुलालाच टाइप करू द्या. त्याची ती तीन वाक्यं इथे नेमकी बसतात: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. शिक्का आणि तारखेची पोच हातात पडल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. महिनाभरात उत्तर आलं नाही तर तीच पोच जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे जा, आणि तिथेही पोच घ्या.